मधलं घर

आणे जाऊन नवे पैसे आले, त्या वर्षी मी बंगळूरच्या एका सर्वेक्षण कचेरीत टायपिस्ट म्हणून लागलो. शेजारच्या टेबलावर चाळिशीतले एक कारकून बसत. सगळे त्यांना अण्णा म्हणत. चार वाजता एक कॉफी मागवून ते दोन पेल्यांत ओतत आणि जास्त भरलेला पेला माझ्याकडे सरकवत.

पाहणीतल्या प्रत्येक घराचं एक कार्ड असे. अण्णा बोटाला थुंकी लावून कार्डं उत्पन्नाप्रमाणे लावत, गरीब तळाशी, आणि बरोबर मधलं उपसत. त्या घराची कमाई तीच तालुक्याची कमाई.

दहा वर्षांनी एका तालुक्यात त्याच घरांची पुन्हा पाहणी झाली. मधल्या घराची कमाई चांगलीच वर सरकली. कचेरीचे साहेब खूष झाले.

"स्वल्प थांबा, साहेब," म्हणत अण्णांनी या खेपेला कुलूप दिसलं म्हणून गाळलेल्या घरांची जुनी कार्डं तळाशी घातली. मधलं घर परत खाली आलं.

"अहो, तिथं आता माणसंच नाहीत!"

"मागच्या खेपेला होती. सगळ्यांत खालची तीच."

साहेबांनी कार्डं काढायला लावली. तालुका सुधारल्याचा अहवाल मी टाईप केला. चार वाजता अण्णांनी भरलेला पेला माझ्याकडे सरकवला. मला तो उचलवेना.