मोहिते साहेबांचं शेवटचं धुराडं

मोहिते साहेब बोलताना माणसाच्या तोंडाकडे बघायचेच नाहीत. नजर कायम वर, छपराकडे. बालवाडीच्या दारात मी पहिल्यांदा नमस्कार केला, तर त्यांनी परतीचा नमस्कार केला तो आमच्या गच्चीला. मला रागच आला. घरी आल्यावर नवऱ्याला म्हटलं, कसला शिष्ट माणूस आहे. हे हसले. म्हणाले, "अगं, देखभालीचे ओव्हरसीअर आहेत ते. त्यांना छपराखालची माणसं दिसत नाहीत."

दिल्लीच्या छावणीत आमची बालवाडी भरायची एका जुन्या, इंग्रजांच्या वेळच्या बंगल्यात. मोठ्या खोलीत भिंतीत शेकोटीची जागा, आणि तिच्यावर गच्चीतून उंच गेलेलं विटांचं धुराडं. अशी धुराडी छावणीतल्या सगळ्याच जुन्या बंगल्यांवर होती. मोहिते साहेब कोल्हापूरकडून नवे नवे नोकरीला आले, तेव्हा त्यांनी त्या सगळ्यांना सिमेंटचा गिलावा केला. छान गुळगुळीत. साहेबलोकांनी पाठ थोपटली. पण मुळातलं बांधकाम चुन्यातलं. सिमेंटच्या आत पाणी कोंडलं आणि विटा आतून कुजत गेल्या. हे कळलं तेव्हा साहेबांचे केस पांढरे व्हायला लागले होते. मग एकेक धुराडं उतरवायचं आणि पुन्हा चुन्यात बांधायचं, हेच त्यांचं आयुष्य झालं.

"अर्धी नोकरी करण्यात गेली बाई, अर्धी निस्तरण्यात," ते म्हणायचे. गुडघे गेले होते, दम लागायचा. बसा म्हटलं तर म्हणायचे, "बसलो की उठायचं काम वाढतं."

शेवटचं धुराडं आमचं. मंजुरी आली, बांबू बांधले, आणि दिवाळी झाली. दिवाळीनंतर दिल्लीची हवा बिघडते ती बिघडतेच. मुलं खोकून बेजार, आणि सगळीकडची बांधकामं बंद ठेवायचा हुकूम. पाडकामसुद्धा नाही. साहेब गच्चीवर जाऊन धुराडं ठोकून बघून आले. मग म्हणाले, "बाई, या खोलीत मुलं बसवू नका."

"मग कुठं बसवू? बाहेर श्वास घेववत नाही."

"माझ्या ऑफिसात."

दुसऱ्या दिवशी मागच्या बरॅकीतलं त्यांचं ऑफिस आमचं झालं. आणि त्यांनी आपलं टेबल आणून मांडलं ते थेट त्या शेकोटीसमोर, धुराड्याच्या खाली. मी हबकले. म्हटलं, "साहेब, अहो, कुलूप लावा ना सरळ. जीव नकोसा झालाय का?"

"कुलूप लावलं की सगळ्यांना वाटतं, काम झालं," ते म्हणाले. "बंदी उठेल तोवर फाइल थंड पडेल, मी रिटायर होईन, आणि नवा माणूस मुलांना परत इथंच बसवेल. मी खाली बसलेला दिसलो तर कुणाला तरी वर बघावंसं वाटेल."

तसंच झालं. मोठे अधिकारी एकदा सहीसाठी आले आणि उंबऱ्यातच थबकले. "मोहिते, बाहर आ जाइए."

"आप अंदर आइए ना सर. सब पेपर यहीं हैं."

ते आत आले नाहीत. पण बंदी उठल्याच्या दुसऱ्या दिवशी गवंडी गच्चीवर होते. मी मात्र तो सगळा हिवाळा धास्तीत काढला. मुलांना गाणी म्हणायला लावायचे आणि कान त्या खोलीकडे. मला त्या माणसाचा राग यायचा आणि कीवही यायची, दोन्ही एकदम.

गवंड्याने सिमेंटचं कवच फोडलं, तर आतली वीट हातात भुगा होऊन आली. तो वरूनच म्हणाला, "साहब, ये तो बस आदत से खड़ी थी."

"हम भी, भैया," साहेब म्हणाले.

काम निम्म्यावर असताना ते रिटायर झाले. हार घालून घेतला, फोटो काढला, आणि दुसऱ्या दिवशी स्वेटर घालून परत हजर. कुणी पगार देणार नव्हतं, कुणी बोलावलंही नव्हतं. मोहिते वहिनींनी गावाकडं जायचं सामान बांधून ठेवलं होतं. त्या मला फोन करून विचारायच्या, "आणि किती राहिलंय हो?"

शेवटचा थर बसला त्या सकाळी मी मुलांना घेऊन आले, तर साहेबांनी आमच्या छोट्या खुर्च्या एकट्यानेच आत आणून ओळीने मांडल्या होत्या. त्यांतल्याच एकीवर, शेकोटीपाशी, गुडघे पोटाशी घेतल्यासारखे बसून त्यांना झोप लागली होती. चांगली गाढ, तोंड उघडं, बारीक घोरणं चालू. मुलं बघत उभी राहिली. एकीने विचारलं, "अंकल सो रहे हैं?"

"हो," मी म्हटलं, "हळू बसा."

आणि त्या दिवशी आम्ही गाणी म्हटली नाहीत.