रिंगवाल्या कंपनीतला उघडा गोल

"मॅडम, टॉलरन्स किती?"

लालवानी सरांनी हात वर करून विचारलं तेव्हा सगळे डोळे मिटून बसले होते. निदान बसायला हवे होते. प्रश्न ऐकून सगळ्यांनी डोळे उघडले आणि माझ्याकडे पाहिलं. टॉलरन्स म्हणजे काय, मला माहीत नव्हतं. शेजारच्या सरांनी हळूच सांगितलं, मापात किती फरक चालेल तो आकडा.

"सर, कितीही चालेल," मी म्हणाले.

"कितीही? ऐसा कुछ होता नहीं, मॅडम."

हे अंबरनाथ एमआयडीसीतल्या एका कंपनीच्या ट्रेनिंग हॉलमध्ये घडलं. मी बदलापूरला बीएच्या दुसऱ्या वर्षाला आहे आणि सुट्टीच्या दिवशी मानसीताईंकडे काम करते. वांगणीला ताईंचं छोटं फार्महाऊस आहे. तिथे त्या झेन ध्यान आणि चित्रकला एकत्र शिकवतात. मी शाई घोटते, ब्रश धुते, कागद अंथरते. हे काम नक्की काय आहे, ते मला घरीसुद्धा अजून धड सांगता आलेलं नाही. इथे प्रयत्न करते.

आधी पाठ ताठ ठेवून गप्प बसायचं. श्वास आत येतो, बाहेर जातो, तेवढंच बघायचं. मग जाड ब्रश शाईत बुडवायचा आणि श्वास सोडता सोडता एक गोल काढायचा. जपानीत त्याला एन्सो म्हणतात. ब्रश उचलला की संपलं. खोडायचं नाही, पुन्हा गिरवायचं नाही. वाकडा आला तर वाकडा, तोंड उघडं राहिलं तर उघडं. त्या क्षणी तुम्ही जसे होता, तसा तो आला.

नवीन माणसाला ताई कागद देत नाहीत. मलाही दिला नव्हता. फार्महाऊसच्या ओट्यावर, शहाबादी फरशीवर, नुसत्या पाण्याने गोल काढायला लावायच्या. कंपनीसाठी मात्र भारी हातकागद घेतला होता, कारण शेवटी ते गोल भिंतीवर लावायचे होते. संध्याकाळी एमडी साहेब बघायला येणार होते.

खरं तर ही बॅच ताईंचीच. पण आदल्या दिवशी त्यांचा घसा बसला. माणसांना गप्प बसवायलासुद्धा आवाज लागतो, हे मला तेव्हा कळलं. ताई कुजबुजत म्हणाल्या, "दीपा, ही तू घे. नीट झाली तर अंबरनाथच्या हॉलमधली माझी शनिवारची बॅचही कायमची तुझी. नाही झाली तर आहेच शाई घोटणं."

मी घरी सांगितलं. आम्ही खरवईचे, बाबा टेम्पो चालवतात. जेवता जेवता त्यांनी विचारलं, "गोल कारायला बोलवतान तुला कंपनीन?"

"हो."

"मंग नीट कार."

आमच्या घरातून कॉलेजात गेलेली मी पहिलीच. त्यामुळे मी जे सांगते ते बरोबरच असणार, असं बाबा धरून चालतात. त्याचंच दडपण जास्त येतं.

आता एक गोष्ट मला आधी कुणी सांगितली असती तर बरं झालं असतं. ही कंपनी पंपात बसणाऱ्या रबरी रिंगा बनवते. म्हणजे समोर बसलेल्या सगळ्या ऑफिसरांचा जन्म गोल तपासण्यात गेला होता. आणि लालवानी सर होते क्वालिटीचे हेड. उल्हासनगर कॅम्प चारहून येतात, मराठी-हिंदी दोन्ही एका वाक्यात बोलतात, आणि बोलताना समोरची बाटली, ग्लास, बांगडी, काहीही बोटाने फिरवून बघतात.

तरी सगळ्यांनी गोल काढले. खूप छान आले. एकाचा अंड्यासारखा, एकाचा शेपटी सुटलेला. लालवानी सरांचा शेवटी शेवटी शाई संपून उघडाच राहिला. ते बराच वेळ त्या फटीकडे बघत होते. मला वाटलं, ध्यान लागलं. मी खूश होऊन चहाला गेले.

परत आले तर सगळे गोल बंद होते.

लालवानी सर टेबलापाशी उभे. एका हातात काळा मार्कर, दुसऱ्या हातात व्हाइटनर.

"सर, हे काय?"

"रिवर्क," ते म्हणाले. "गॅप क्लोज किया, फ्लॅश निकाला." फ्लॅश म्हणजे साच्यातून रिंग निघते तेव्हा कडेला चिकटलेलं जादा रबर. इथे म्हणजे सुटलेल्या शेपट्या. त्या व्हाइटनरखाली गेल्या होत्या. "आता पूरा लॉट ओके आहे. तुमची पहिली बॅच आहे ना बेटा? साहेबांसमोर तुमचं नाव खराब नाही होऊ देणार. हमारे यहाँ उघडी रिंग गेली, तर पंप लीक."

एचआरच्या कुलकर्णी मॅडम मागून आल्या. "अगंबाई, किती एकसारखे दिसतायत आता. लावू या ना भिंतीवर?"

सर इतक्या मायेने बोलले होते की मला रागावताही येईना. गप्प बसले असते तर साहेबांनी टाळ्या वाजवल्या असत्या आणि शनिवारची बॅच माझी झाली असती. फक्त त्या बॅचमध्ये मी काय शिकवायचं, ते मला समजेना. कागदही संपला होता. मी बाहेर जाऊन ताईंना फोन लावला.

पलीकडून फक्त खरखर आली. मग, "आधी बस. मग बघ."

मी पायरीवर बसले. समोर माल चढवायची जागा होती, सिमेंटचा मोठा कोबा, उन्हाने तापलेला. हाउसकीपिंगच्या मावशींनी नुकतीच बादली ओतली होती. पाणी पसरलं आणि बघता बघता कडेकडेने नाहीसं झालं.

मी आत गेले. "मॅडम, भिंतीवर नको. सगळ्यांना बाहेर येऊ द्या. ब्रश तेच. शाईऐवजी पाणी."

"आणि साहेबांना काय दाखवणार?" कुलकर्णी मॅडमनी विचारलं.

"ते आले की बघू," मी म्हणाले.

कोब्यावर सगळे ओणवे झाले. श्वास सोडला, ब्रश फिरवला. लालवानी सरांचा गोल पुन्हा उघडा राहिला. त्यांनी लगेच ब्रश बुडवून फट बुजवली. तेवढ्यात पलीकडची बाजू सुकून उघडी पडली. ते तिकडे गेले. ती बंद केली, तर ही गेली. असे ते स्वतःच्याच गोलाभोवती फिरत राहिले आणि शेवटी खाली बसून हसायला लागले.

"मॅडम, ये तो पास होईना, रिजेक्टही होईना."

"हो सर."

"मग काय करायचं?"

"दुसरा काढायचा."

त्यांनी काढला. या वेळी फट तशीच ठेवली आणि गोल सुकेपर्यंत हात मांडीवर ठेवून बघत बसले. बाकीचेही बसले. माझ्या दिवसभराच्या बोलण्याने झाली नव्हती एवढी शांतता झाली.

त्यातच एमडी साहेब आले. कोबा कोरडा ठणठणीत. "चित्रं कुठायत?"

"सर, अभी इथेच होती," लालवानी सर म्हणाले.

साहेबांनी माझ्याकडे बघितलं. मी त्यांच्या हातात ब्रश दिला, दुसरं काही सुचलंच नाही. त्यांनी बूट काढले, वाकून एक गोल काढला आणि मॅडमना फोटो घ्यायला सांगितलं. मॅडमना कॅमेरा सापडेपर्यंत चंद्रकोर उरली होती. साहेबांनी आणखी एक काढला. या वेळी त्यांनी फोटो सांगितला नाही.

पुढच्या आठवड्यात एचआरचा मेल आला. दर महिन्याला सेशन हवं, कोब्यावरच, कागद नको. ताईंनी शनिवारची बॅच मला दिली. रिवर्क झालेला लालवानी सरांचा गोल मी ताईंना भीत भीत दाखवला. त्यांचा आवाज तोवर परत आला होता. त्यांनी कागद उजेडाकडे धरून बुजवलेली फट बघितली.

"खोटा झाला ना?" मी विचारलं.

"खोटा कसा? माणूस जसा आहे तसाच आलाय," त्या म्हणाल्या, आणि तो त्यांनी वांगणीला ब्रश धुवायच्या मोरीवर लावला. पाणी उडून उडून मार्कर फिका पडला आणि फट आता पुन्हा दिसायला लागली आहे.

बाबांनी विचारलं, "नीट झाला का गोल?" मी म्हटलं, झाला आणि सुकला. त्यांनी मान हलवली.

शनिवारची बॅच मी अजून घेते. तिथे गोल कागदावर असतात, त्यामुळे चहा मात्र हॉलमध्येच मागवते.