भोंग्यावरचे म्हंजेभाऊ

सरकार काही बोललं की म्हंजेभाऊ त्याचं मराठीत भाषांतर करायचे. सरकारही मराठीतच बोलत असे, ही त्यातली गंमत. अकोला जिल्ह्यातल्या आमच्या तालुक्याच्या कचेरीत ते शिपाई होते. आठवडी बाजाराच्या दिवशी कचेरीची जीप भोंगा लावून बाजारात उभी राहायची आणि सूचना वाचायचं काम त्यांच्याकडे असायचं. कागदावरचा मजकूर ते एका दमात, कडू काढा घशाखाली ढकलावा तसा, वाचून टाकत. मग कागदाची घडी करून खिशात घालत, माइकमध्ये खाकरत आणि म्हणत, "म्हंजे…" हा शब्द ऐकला की भाजीवाल्या तराजू खाली ठेवत. त्यांचं खरं नाव हजेरीपटात होतं, ते तिथेच राहिलं.

तो कागदावरचा मजकूर मी लिहीत असे. मी तेव्हा त्या कचेरीत कनिष्ठ लिपिक होते. अमरावतीची, मास्तरांची मुलगी. आमच्या घरी पाहुणे बसलेले असले की आम्ही 'मला-तुला' बोलायचो आणि ते फाटकाबाहेर पडले की 'मले-तुले'. नोकरीला लागल्यावर मी जन्मभर पाहुणे बसलेत असं समजूनच लिहायला लागले, आणि सरकारला ते फार आवडलं. "संबंधितांनी आपल्या हरकती विहित नमुन्यात व विहित मुदतीत सादर कराव्यात, तदनंतर प्राप्त हरकतींचा विचार करण्यात येणार नाही," असं वाक्य लिहून झालं की मी ते मनातल्या मनात दोनदा वाचत असे. म्हंजेभाऊ ते बाजारात असं सांगत: "म्हंजे, यादीत आपलं नाव हाय का नाही ते पाहून घेजा. नसन तं सोमवारच्या आत कचेरीत येजा. मंगळवारी आले तं साहेब चहा बी नाही पाजनार."

साहेब कोणालाच चहा पाजत नव्हते, पण लोक सोमवारी रांग लावत.

भाऊंचा एक नियम होता, ज्या शब्दाले बाजारात गिऱ्हाईक नाही तो भोंग्यावर आनू नये. एकदा मी 'तदनंतर'साठी भांडले. तेवढा तरी शब्द ठेवा, म्हटलं, अर्थाला बाधा येत नाही. भाऊंनी मला बाजारात नेलं आणि वांगी विकणाऱ्या बाईसमोर उभं करून म्हणाले, विचारा. मी विचारलं नाही. त्यांची नोकरीची पहिली वर्षं धारणीत, मेळघाटात गेली होती. तिथे गेल्या गेल्या त्यांना कोरकू कळेना आणि कोरकूंना यांची वऱ्हाडी कळेना, तेव्हा पाणी कुठलं प्यावं इथपासून लोकांनीच त्यांना हातवारे करून शिकवलं होतं. ते उपकार आपण जीपवरून फेडतो, असं ते हसत सांगत.

मशिदीच्या कोपऱ्यावर जीप वळली की त्यांचं 'म्हंजे' आपोआप 'मतलब' होई. तांड्यावर मात्र त्यांची गाडी अडे, कारण बंजारी त्यांना येत नसे. मग ते तांडाप्रमुख नाईकाच्या सुनेला जीपमध्ये चढवून माइक तिच्या हातात देत आणि स्वतः खाली उभे राहून ऐकत. शासनाचा माइक परक्या व्यक्तीच्या हाती देता येतो की नाही, याबद्दल कुठल्याच परिपत्रकात काही लिहिलेलं नव्हतं, कारण असं कोणी करील हे कोणाच्या डोक्यातच आलं नव्हतं.

पुढे नवे साहेब आले. माणूस वाईट नव्हता. मराठीवर त्यांचं मनापासून प्रेम होतं, आणि ती बोलणारी माणसं आपल्याकडून जरा कमी पडतात याचं त्यांना दुःख होतं. त्यातच मराठी भाषेच्या पंधरवड्यात गावातल्या एका प्रतिष्ठित वकिलांनी लेखी तक्रार केली की, सरकार भर बाजारात गावंढळ भाषेत बोलतं, त्याने शासनाची शोभा जाते. साहेबांनी मला बोलावलं आणि म्हंजेभाऊंना कारणे दाखवा नोटीस काढायला सांगितली. मी काढली. चांगली लिहिली होती, हे आज सांगायला लाज वाटते.

भाऊंच्या निवृत्तीला तेव्हा चार महिने उरले होते. चौतीस वर्षांत त्यांच्या सेवापुस्तकात लाल शाईची एक ओळ नव्हती आणि त्याचा त्यांना अभिमान होता. नोटीस घेऊन ते माझ्या टेबलाशी आले. "ताई, हे तुमचंच लिहिनं. 'सबब' तुमच्याबिगर कचेरीत कोनी लिहीत नाही," म्हणाले. रागावून नाही, ओळख पटली अशा सुरात. मी त्यांना समजावलं की खुलासा समाधानकारक नसेल तर सेवापुस्तकात नोंद होते. ते स्टूल ओढून माझ्यासमोर बसले. मग खुलासा सांगायला लागले. काहून बोलतो, कोनासाठी बोलतो, असं सगळं. मी म्हटलं, भाऊ, असं चालणार नाही, हे माझ्यावर सोडा. आणि मी त्यांच्या नावाने एक माफीनामा लिहिला. अनवधानाने घडलेल्या प्रमादाबद्दल दिलगिरी, यापुढे केवळ मंजूर मजकूरच प्रसारित केला जाईल अशी हमी, सर्व काही. त्यांनी न वाचता खाली सही केली.

साहेब खुलाशावर खूश झाले. "बघा, मनात आणलं तर येतं की शुद्ध लिहिता," म्हणाले आणि प्रकरण मिटलं. पंधरवड्याच्या समारोपात उत्कृष्ट शासकीय लेखनाचं प्रमाणपत्र मला मिळालं. जीपसाठी अकोल्याच्या एका निवेदिकेच्या आवाजात रेकॉर्डिंग करून आणलं. आधी सतारीचा तुकडा आणि मग माझा मजकूर, एकही शब्द न गाळता. भाऊंकडे बटण दाबायचं काम उरलं.

त्याच सुमारास घरकुलाच्या यादीवर हरकती मागवल्या गेल्या. तीन बाजार सतार वाजली. तीनही बाजारांत भाऊ ड्रायव्हरच्या शेजारी मांडीवर हात ठेवून बसले होते. मुदत संपली तेव्हा कचेरीत एकही अर्ज नव्हता. मी रजिस्टरमध्ये 'निरंक' लिहिलं आणि साहेबांनी जिल्ह्याला कळवलं की लाभार्थी समाधानी आहेत.

अंतिम यादी फळ्यावर लागली आणि चार दिवसांनी एक म्हातारी आली. नवरा नाही, मूल नाही, टिनाच्या खोलीत राहणारी. यादीत तिचं नाव नव्हतं. मुदत गेली हे भाऊंनीच तिला दारात सांगितलं. तिने आरडाओरडा केला नाही. 

"मी तं तिनई बाजाराले होतो," ती म्हणाली. "तुले गाडीत पाह्यलं. ते बाई कायतरी बोलून राह्यली होती, अन् तू गप बसेल होता. मले वाटलं, भाऊ बोलत नाही म्हंजे आपल्या कामाचं काही नसन."

भाऊ तिला घेऊन साहेबांकडे गेले. साहेबांनी तिला खुर्ची दिली, पाणी दिलं आणि पुढची यादी निघेल तेव्हा अर्ज करायला सांगितलं. पुढची यादी कधी, ते कोणालाच ठाऊक नव्हतं. म्हातारीने जाताना भाऊंना 'येतो' म्हटलं. त्यानंतर बटण दाबायला दुसरा कोणी पाठवा, एवढंच भाऊंनी साहेबांकडे मागितलं आणि ते मान्य झालं.

निवृत्तीच्या दिवशी हार-तुरे झाले, भाषणं झाली. भाऊंनी चार शब्द बोलावेत असा आग्रह झाला, पण ते हात जोडून उभे राहिले आणि खाली बसले. संध्याकाळी सेवापुस्तकावर शेवटची सही घ्यायला मी त्यांना बोलावलं. मला वाटलं, त्यांना बरं वाटेल, म्हणून पान न् पान उलटून दाखवलं. कुठे ठपका नाही, ताकीद नाही. शेवटी माझ्या अक्षरात लिहिलेलं होतं, सेवाकाळ निष्कलंक.

मी म्हटलं, "भाऊ, तो माफीनामा मी लिहायला नको होता."

"सही तं माही होती ना, ताई," ते म्हणाले. त्यांनी चष्मा लावला आणि ती पानं पुन्हा एकदा पहिल्यापासून शेवटपर्यंत पाहिली, काही हरवल्यासारखी.

"चौतीस सालात माह्या हातून एकच चूक झाली," ते म्हणाले, "अन् तेच याच्यात लिहेल नाही."