स्वयंपाकघराचं माप

"स्वयंपाकघर राहू द्या. माप मी सांगते, तुम्ही लिहून घ्या. दहा बाय आठ."

काकू असं म्हणाल्या आणि स्वयंपाकघराच्या दारात आडव्या उभ्या राहिल्या. माझ्या हातात टेप होती. तिचं टोक मी दाराच्या चौकटीला लावायला वाकले होते. तशीच वाकलेली राहिले.

हॉल मोजून झाला होता. दोन्ही बेडरूम झाल्या होत्या. संडास-बाथरूमही झालं होतं. तिथे मला कुणी अडवलं नाही.

मधल्या वेळात काकूंनी दोनच प्रश्न विचारले होते. पहिला, आडनाव काय. त्यावरून त्यांना काही कळलं नाही. आमचं आडनाव मराठ्यांतही असतं. म्हणून दुसरा. "गाव कोणतं?"

"पेठ तालुक्यात."

"म्हणजे डोंगराकडच्या. पाड्यावरच्या का?"

"हो."

"अच्छा."

एवढंच. आवाज चढला नाही, कपाळाला आठी नाही. उलट पंखा वाढवला माझ्यासाठी. आणि मग ते दार.

मी लिहिलं. दहा बाय आठ.

नव्वदचं दशक संपत आलं होतं. मी पॉलिटेक्निकमधून सिव्हिलचा डिप्लोमा केला होता. आश्रमशाळा, मग नाशिकचं हॉस्टेल, मग डिप्लोमा. आमच्या पाड्यावर एवढं शिकलेली मी पहिली मुलगी. बँक घरासाठी कर्ज देण्याआधी त्या घराची किंमत तपासून घेते. ती तपासणाऱ्या एका साहेबांच्या ऑफिसात मी लागले होते. घरोघर जायचं, खोल्या मोजायच्या, फॉर्म भरायचा. साहेब भाव लावायचे आणि सही करायचे.

त्या वर्षांत भाव अडकलेले होते. आधी जमिनी सोन्यासारख्या चढल्या, मग सगळं थंड पडलं. बांधलेले फ्लॅट रिकामे पडून होते. जुना फ्लॅट विकायला काढला की माणसं वर्षवर्ष गिऱ्हाइकाची वाट बघायची. साहेब मला धंदा शिकवायचे. म्हणायचे, "सिमेंट सगळीकडे सारखंच असतं. भाव शेजाऱ्यांचा असतो." फॉर्ममध्ये एक रकाना होता, वस्तीचा दर्जा. उच्च, मध्यम, निम्न. मी पंचवटीपलीकडे ज्या वस्तीत खोली घेऊन राहत होते, तिथला एखादा कागद आला तर साहेब न बघताच 'निम्न' लिहायला सांगायचे. मी लिहायचे. माझ्याच अक्षरात.

काकूंचा फ्लॅट सातपूरच्या एका कंपनीतल्या कामगाराने घेतला. फिटर होता. सहा महिन्यांनी तो ऑफिसात आला. हातात कागद. चिडलेला नव्हता, घाबरलेला होता. साहेबांसमोर उभा राहून म्हणाला, "साहेब, स्वयंपाकघर कागदावर दहा बाय आठ आहे. मी ओट्याचं काम काढलं, मिस्त्रीने मोजलं. सात बाय आठ भरतंय. मागची बाल्कनी त्यांनी धरून सांगितली होती. फुटावर पैसे मोजलेत मी."

साहेबांनी फाइल काढली. मापांखाली माझी सही.

"ताई, तुम्ही आत जाऊन मोजलं होतं ना?" त्याने मला विचारलं.

ऑफिसात चार माणसं होती. माझ्या तोंडात खरं आलं होतं. पण खरं सांगायचं म्हणजे सांगायचं की मला आत घेतलं नाही. का घेतलं नाही, हेही सांगायचं. सगळ्यांसमोर. मला ते जमलं नाही. चोरी काकूंची, आणि लाज मला वाटत होती.

"हो," मी म्हणाले. "मोजलं होतं."

साहेब माझ्याकडे बघत होते. मग सगळ्यांना ऐकू जाईल असं म्हणाले, "तुम्हा लोकांना सीट मिळते. अक्कल कुठून मिळणार?"

फिटरनेच खाली बघितलं. त्याला ते ऐकायचं नव्हतं. तो कागद घेऊन निघून गेला. त्याचे पैसे त्याला मिळाले नाहीत. काकूंनी आधीच दुसरीकडे घर केलं होतं.

मी घरी येऊन भात टाकला आणि न जेवता झोपले. रडले वगैरे नाही. नुसता थकवा. अजूनही तो प्रसंग आठवला की आधी साहेबांचं वाक्य आठवत नाही. माझा 'हो' आठवतो. एका कष्ट करून खाणाऱ्या माणसाला मी खोटं सांगितलं, कारण माझी जात मला लपवायची होती.

आईला यातलं काही सांगितलं नाही. माझी आई भात कापून झाला की दरवर्षी नाशिकला यायची. नाक्यावर उभी राहायची आणि मिळेल त्या साइटवर घमेली वाहायची. इंदिरानगर उभं राहत होतं तेव्हा तिने तिथल्या कितीतरी बिल्डिंगांवर काम केलं. बांधताना तिला सगळ्या खोल्यांत जायची मुभा होती. स्वयंपाकघरातसुद्धा. रंग लागला, कुलूप लागलं, की वॉचमन तिला फाटकाच्या आतही उभी करत नसे.

त्यानंतर मी चार-पाच वर्षं तिथेच नोकरी केली. दुसरं काय करणार. अशी दारं अजून दोन-तीनदा आली. दर वेळी मी कारण काढून आत जायचे. ओल बघायचीय, बीमला तडा आहे का बघायचाय. गाव विचारलं तर नाशिकच सांगायचे. खोटं बोलून आत जायचे आणि खरं माप लिहायचे. त्यालाच मी हुशारी समजत होते.

मग कुंभमेळा झाला. रस्ते रुंद झाले. बँका बोलावून कर्ज देऊ लागल्या आणि भाव उठले. इतके दिवस पडलेले फ्लॅट महिन्याभरात जाऊ लागले. गंगापूर रोडला द्राक्षांचे मळे होते तिथे बोर्ड लागले. मुंबई-पुण्याची माणसं गाडी घेऊन शनिवारी यायची आणि रविवारी इसार देऊन जायची. आम्हाला दिवसाला चार-चार घरं मोजावी लागायची. पायाचे तुकडे पडायचे.

त्यातच एक फ्लॅट आला, तिसऱ्या मजल्यावरचा. त्या वेळी घरात वहिनी एकट्याच होत्या, पन्नाशीच्या. बोलक्या. मला खुर्ची दिली, पाणी दिलं. मी बेडरूम मोजत होते आणि त्या दाराला टेकून बोलत होत्या.

"भाव पडायच्या आत विकलेला बरा."

"कशाने पडेल, वहिनी? सगळीकडे तर वाढतोय."

"अहो, पहिल्या मजल्यावर एक कुटुंब आलंय. सरकारी नोकरी आहे त्यांची. पण त्या बाजूचे हो, पेठ-सुरगाण्याकडचे. माणसं वाईट नाहीत. पण एक आलं की चार येतात. मग कोण देतंय आपल्याला भाव?"

मी टेप भिंतीला लावली. साडेअकरा फूट. लिहिलं. पेन चालत होतं.

"तुमचं गाव कुठलं?" त्यांनी सहज विचारलं.

नाशिक म्हणायला किती वेळ लागतो? रोजच म्हणत होते. पण त्या दिवशी खूप थकले होते. खोटं बोलायलाही जोर लागतो. तो नव्हता.

"पेठ," मी म्हणाले. "आम्ही कोकणा. आदिवासी."

दाराला टेकलेल्या वहिनी सरळ झाल्या. मग घाईघाईने म्हणाल्या, "तुमचं वेगळं. तुम्ही शिकलेल्या."

"खालचेही शिकलेलेच असतील. सरकारी नोकरी आहे म्हणालात."

मी स्वयंपाकघराकडे वळले. त्या माझ्या पुढे झाल्या. अगदी तशाच. दारात आडव्या.

"इथे देव आहेत. सासूबाईंना चालत नाही. माप मी सांगते ना, दहा बाय आठ."

तेच आकडे. योगायोग असेल. बहुतेक स्वयंपाकघरं तेवढीच असतात. पण मला तो फिटर दिसला. हातात कागद घेऊन उभा.

"मी मोजल्याशिवाय लिहीत नाही," मी म्हणाले.

"म्हणजे?"

"आत जाऊ द्या, दोन मिनिटांत मोजते. नाहीतर मोजलं नाही म्हणून लिहिते."

त्यांनी साहेबांना फोन लावला. बरंच बोलल्या. मग रिसीव्हर माझ्याकडे दिला. साहेब म्हणाले, "कशाला वाढवतेस? मंजूर नकाशा आहे, त्यातला आकडा टाक आणि ये."

"सर, मागे एकदा असाच आकडा टाकला होता."

"जुनं उकरू नकोस. ये."

मी आले. पण येताना जिन्यात बसून फॉर्म पूर्ण केला. स्वयंपाकघराच्या रकान्यात लिहिलं, 'मोजलेलं नाही. मी आदिवासी आहे हे कळल्यावर घरमालकांनी आत जाऊ दिलं नाही.' खाली सही. तारीख. फॉर्म गुडघ्यावर होता, अक्षर वाकडं आलं. पण वाचता येत होतं.

उतरताना पहिल्या मजल्यावर एका दारावर नवीन पाटी दिसली. तिच्यावर फक्त पहिलं नाव होतं. आडनाव नाही. का नाही ते मला कळलं. तिथे थोडी थांबले. बेल वाजवली नाही. काय सांगणार होते आत जाऊन?

दुसऱ्या दिवशी साहेबांनी फॉर्म वाचला.

"हे काय आहे?"

"झालं ते."

"हा बँकेत जाणारा कागद आहे. तुझी डायरी नाही." त्यांनी फॉर्म माझ्या टेबलावर टाकला.

दुपारी वहिनींचे यजमान आले. सभ्य माणूस. म्हणाले, "आमच्या घरात आम्ही जातपात मानत नाही. पण आई म्हातारी आहे. एवढ्याशा गोष्टीवरून व्यवहार अडवायचा का?"

"मी काही अडवलेलं नाही," मी म्हणाले. "आत्ता चला. स्वयंपाकघर दाखवा, लगेच मोजते. नवा फॉर्म भरते."

त्यांनी माझ्याकडे बघितलंच नाही. साहेबांकडे बघून म्हणाले, "दुसरं कुणी पाठवता येणार नाही का?"

साहेबांनी नितीनला पाठवलं. तो आमच्या ऑफिसातला दुसरा इंजिनियर. माझ्यानंतर लागलेला. नितीन तासाभरात परत आला. पोहे खाऊन आला होता. माझ्या टेबलाजवळ येऊन हळू आवाजात म्हणाला, "माप बरोबर होतं गं. दहा बाय आठच आहे."

"असेल," मी म्हणाले. "मी बघितलं नाही."

साहेबांनी माझा फॉर्म मागितला. फाडायला. मी दिला नाही. म्हणाले, "मग उद्यापासून येऊ नकोस." मी डबा उचलला आणि निघाले. नितीन खाली मान घालून बसला होता. त्याला मी दोष देत नाही. त्याला दारं उघडी होती, तो आत गेला. एवढंच.

तो फ्लॅट विकला गेला. नंतर एका एजंटकडून कळलं, त्या बिल्डिंगमध्ये तोवर कुणालाच मिळाला नव्हता एवढा भाव वहिनींना मिळाला. पहिल्या मजल्यावर कोण राहतं हे मुंबईच्या गिऱ्हाइकाने विचारलंही नसेल.

मी पाड्यावर गेले. आईला सगळं सांगितलं. पहिलं स्वयंपाकघर, फिटर, माझा 'हो', सगळं. आई नागलीची भाकर थापत होती. थांबली नाही. म्हणाली, "नोकरी गेली?"

"गेली."

"मंग येडी का गं तू? त्यांच्या चुलीपाशी जाऊन तुला काय करायचं व्हतं?"

"मोजायचं होतं, आई. माझं काम होतं ते."

तिने चुलीत लाकूड आत सारलं. मग म्हणाली, "मला कवा कोणी इचारलं नाय, बाय तू कुठली. घमेलं उचल, एवढंच सांगत. तुला इचारतात म्हंजे तू त्यांच्या बरोबरीला गेली. म्हणून अडवतात." हे तिने कौतुकाने म्हटलं नाही. मला धीर द्यायलाही नाही. भाकर उलटली आणि म्हणाली, "जेव."

सात महिने घरी बसले. चार ऑफिसांत गेले. नाशकात हा धंदा मोठा नाही. माझ्याआधी माझी गोष्ट पोचलेली असायची. पाचव्या ठिकाणी एक वयस्कर गृहस्थ होते. त्यांनी विचारायच्या आत मीच सांगितलं, "मी पेठची, कोकणा आदिवासी. ज्या खोलीत मला घेणार नाहीत, तिचं माप मी लिहिणार नाही. का लिहिलं नाही ते लिहीन. चालत असेल तर ठेवा."

ते चष्मा पुसत राहिले. म्हणाले, "शहरातली कामं नाही देता येणार. बाहेरची करशील?"

केली. पगार कमी. सटाण्याची कांद्याची गोदामं, मालेगावचे यंत्रमागाचे कारखाने, वणीची दुकानं. एसटीने जायचं, उन्हात पत्र्याखाली मोजायचं, संध्याकाळी परत. दोन वर्षं अशी गेली. मग शहरात कामं एवढी वाढली की त्यांना माणूस पुरेना. तेव्हा त्यांनी मला शहरातलीही घरं दिली. माझ्यावर उपकार म्हणून नव्हे. गरज होती म्हणून.

दारं अजूनही येतात. कुठे देव असतात, कुठे सासूबाई, कुठे नुसतंच 'राहू द्या'. मी वाद घालत नाही. तेवढा दम आता उरलेला नाही. बेल वाजवते, नाव सांगते, त्यांनी विचारायच्या आत गाव आणि जात सांगते. बहुतेक जण आत घेतात. काही घेत नाहीत. तिथे मी दारातच उभी राहून कारण लिहिते, त्यांच्यासमोर, आणि वाचून दाखवते. काही जण मग बाजूला होतात. काही फोन लावतात.

बँकेतला नवा अधिकारी मागे म्हणाला, "मॅडम, ही ओळ कशाला? यामुळे फाइल अडकते."

"अडकू द्या," मी म्हणाले. "ओळ राहील."