जोडव्यांवरची पट्टी

आमच्या घरात कॉलेजात गेलेला मी पहिलाच. कुणाबद्दल लिहिण्याइतकं मला कळतं का, माहीत नाही; चुकलं तर माफ करा. पण मानपाड्याच्या आमच्या कॉलेजच्या प्रयोगशाळेतले तंत्रज्ञ काका मनातून जात नाहीत.

तिथे माणसाच्या अंगावर चमकत्या गोळ्या चिकटवून कॅमेरे त्याची चाल टिपतात. काका त्या गोळ्यांना मोती म्हणतात आणि बाळाचं तोंड पुसावं तसे पुसतात. कॅमेरे जुळवायला ते रोज हवेत कांडी फिरवतात.

"काका, आरती झाली?" मुलं विचारतात.

"झाली. प्रसाद नाही. स्टँडला धक्का लावू नकोस."

एकदा टिटवाळ्याहून एक आजी आल्या. गुडघ्याचं ऑपरेशन करायचं की नाही, हे डॉक्टर त्यांची चाल बघून ठरवणार होते. पण त्यांची जोडवी चमकत होती, कॅमेरे त्यांनाही मोती समजत होते.

"दोन मिनिटं काढा ना," आम्ही म्हणालो.

"लग्नातली आहेत. काढायची असतील तर मी जाते," म्हणत आजींनी पिशवी उचलली.

काका त्यांच्या पायाशी बसले. "आजी, काढत नाही, नुसती झाकतो." प्रत्येक जोडव्यावर त्यांनी काळी पट्टी गुंडाळली. आजी चालल्या.

नोंदी डॉक्टरांकडे जातात, पुढचं आम्हाला कुणी सांगत नाही. तरी काका मला विचारत राहायचे, "टिटवाळ्याचं काय झालं रे?"

काल आजींच्या सुनेचा फोन आला. फोन ठेवून मी काकांकडे गेलो; ते मोती पुसत होते.

"काका, ऑपरेशन टळलं. आजी व्यायामानेच चालायला लागल्या. आणि जोडवी पायातच आहेत."