नाव न लिहिलेली कॅसेट

गुरुजींचे नाव लिहू नये, या संस्कारामुळे त्यांच्या रुद्रपठणाच्या एकमेव कॅसेटवर मी काहीच लिहिले नव्हते. त्यांच्या निधनानंतर राजुऱ्यात एका सकाळी पूजेला बसताना ती लावली, तर विदेशी वाद्यांचा कल्लोळ उसळला. पळी ताम्हनात ठेवून मी मुलीला हाक मारली.

“बाबा, मले ती कोरीच वाटली,” मुलगी रडवेली झाली. “एका न्यू वेव्ह गायकाची, म्हणजे नव्या धाटणीच्या इंग्रजी पॉपची, गाणी भरली मी. अल्बमात न घेतलेली, दुर्मिळ आहेत ती.”

“दुर्मिळ?” मी म्हणालो. कॅसेट तशीच चालू होती.

शेवटचे गाणे संपले आणि अकस्मात गुरुजींचा आवाज आला. अखेरचा थोडा भाग पुसला जायचा राहिला होता. रुद्र मधूनच आरंभू नये. म्हणून आजही कॅसेट सुरुवातीपासून लावून गाण्यांचा आवाज बंद ठेवतो, तेवढ्या वेळात आधीचा भाग मी म्हणतो, आणि पुढे गुरुजी म्हणतात.