चिकटलेली पट्टी

आमच्या फोटोमामांनी आयुष्यात कुणाला निगेटिव्ह दिली नाही. "फोटो तुमचा, निगेटिव्ह माझी," असं ते नवरदेवाच्या बापालाही तोंडावर सुनावत. लातुरात त्यांचा स्टुडिओ आमच्या भिंतीला लागून होता, त्यामुळे ही भांडणं मला घरबसल्या ऐकायला मिळत.

मामी गेल्या, मुलगा पुण्याला शिकायला गेला, आणि निगेटिव्हच्या पेट्या हाच मामांचा संसार झाला. मामी ज्वारीत कडुलिंबाचा पाला घालायच्या, म्हणून यांनी पेट्यांत घातला. तोही भर पावसाळ्यात, ओलाच! कीड लागली नाही, पण एका पेटीतल्या पट्ट्या चिकटून वडीच झाली. "पाला वाळवून घालतात, एवढंही कळत नाही का हो?" मी ओरडले. "सांगणारीच गेली की गं," मामा म्हणाले. 

मग भूकंप झाला. किल्लारीकडची माणसं येऊ लागली. घरांबरोबर भिंतीवरचे फोटोही गाडले गेले होते. मामा पेट्या उपसून त्यांना गेलेल्या माणसांचे फोटो छापून द्यायचे. पैशाचं नाव काढलं की खवळायचे. एका बाईची तान्ही लेक गेली होती. तिच्या बारशाचा फोटो मामांनीच काढलेला, पण ती पट्टी नेमकी त्या वडीत. "हाय, पर ओढली तर फाटंल. थांबा बाई." बाई थांबली. दरवर्षी महाशिवरात्रीच्या यात्रेला लातुरात आली की स्टुडिओच्या पायरीवर बसून विचारायची, "निघाली का माझी पोरगी?" पुढे गुडघे गेले, तिचं येणं थांबलं. मामा मात्र यात्रेत पायरी झाडून ठेवायचे.

तोवर गल्लीभर क्लासच्या पाट्या लागल्या. मामांकडे उरले ते पोरांचे फॉर्मसाठीचे फोटो. "समदे सारखेच दिसायलेत," ते कुरकुरत.

हैदराबादच्या लॅबला फोन मीच लावला. पट्ट्या सोडवायच्या, धुवायच्या, एकेक फ्रेम स्कॅन करायची. आकडा ऐकून मी म्हणाले, "अहो, मी कॅमेरा विकत मागत नाहीये!" मुलगा पुण्याहून म्हणाला, "बाबा, परक्यांसाठी कशाला एवढं? मोबाईलवर काढा की." चिकटलेल्या पट्टीला मोबाईल काय करणार, कपाळ?

मामांनी स्टुडिओ अभ्यासिकेला भाड्याने दिला, आगाऊ रक्कम लॅबला भरली आणि स्वतः मागच्या डार्करूममध्ये खाट टाकली. पुढे पोरं पुस्तकात डोकं घालून बसत. मामांना खोकायचीही चोरी झाली.

बऱ्याच पट्ट्या धुताना गेल्या. बारशाची वाचली. फोटो घेऊन आम्ही जीपने किल्लारीला गेलो. बाई दारातच बसली होती, डोकं पांढरं झालेलं. तिने फोटो डोळ्यांजवळ नेला, मग लांब धरला.

"एवढुशीच व्हती व्हय?" ती म्हणाली. "माझ्या मनात तर ती कवाच नांदाय गेली की वो."

मामा तिच्याशेजारी मातीतच बसले. खिशातून कागदात गुंडाळलेली निगेटिव्ह काढून त्यांनी तिच्या हातावर ठेवली. "ही बी तुमचीच," म्हणाले.

त्याच हिवाळ्यात मामा गेले. पेट्या माझ्याकडे आहेत. मी पाला वाळवून घालते. विचारायला मात्र कुणी येत नाही.